विक्रमांचे देव्हारे

ऑलिंपिकचे वर्ष उजाडले की आपल्याकडे एक साथ पसरते. तिची लक्षणे ठरलेली आहेत. वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानावर चौकटी पडू लागतात. चौकटीत आकडे, आकड्यांपुढे दशांशचिन्ह, दशांशचिन्हापुढे आणखी दोन आकडे. कोण धावला, कोणाविरुद्ध धावला, कुठल्या वळणावर त्याने आपला डाव टाकला, हे सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. 'जागतिक विक्रम मोडला' आणि 'जागतिक विक्रम थोडक्यात हुकला' अशी दोनच वाक्ये छापखान्यात जुळवून ठेवलेली असावीत आणि नावे तेवढी बदलत असावीत! वाचकही त्यावर तृप्त असतो. शर्यत न पाहताच तिचा निकाल कळल्याचे समाधान त्याला मिळते आणि तो पान उलटतो.

मला ह्या साथीचा मनस्वी तिटकारा आहे, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही. खेळ आवडत नाहीत म्हणून हा तिटकारा, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या बाद फेऱ्या, तिकडे ज्यांना 'प्लेऑफ' म्हणतात, आपल्या घड्याळाप्रमाणे भल्या सकाळी रंगतात. आणि एप्रिलपासून जूनपर्यंत माझ्या घरी चहा, दाढी आणि वर्तमानपत्र ही तिन्ही त्यांच्या सोयीने उरकली जातात. ऑलिंपिकच्या शर्यतीही मी तितक्याच आवडीने पाहतो. दोन्ही पाहूनच माझे मत बनले आहे. ते असे, की माणसाने माणसाशी दिलेली झुंज ही खेळातली पहिली गोष्ट आणि विक्रम ही दुसरी, किंबहुना तिसरी. आणि ही झुंज तिच्या पूर्ण रूपात पाहायची असेल तर ऑलिंपिकच्या विक्रमवीरांना सोडून ह्या 'धंदेवाईक' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाद फेऱ्यांकडेच जावे लागते.

हे वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्या एका स्नेह्यांच्या तर पडल्याच. ते ऑलिंपिकचे कडवे अभिमानी. त्यांनी ताबडतोब नोआ लायल्सला माझ्या अंगावर सोडले. अमेरिकेचा हा धावपटू २०२३ च्या ऑगस्टात बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकला आणि पत्रकारांपुढे म्हणाला, की एन.बी.ए.चे विजेते स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतात. पण कुठल्या जगाचे? अमेरिका म्हणजे जग काय? ह्या बोलण्याने बास्केटबॉलचे मोठमोठे खेळाडू चिडले आणि माझे स्नेही खूश झाले. "आता बोला!" ते मला म्हणाले.

बोलतो. नावापुरते लायल्सचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. एकोणतीस संघ अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. एवढ्या मंडळींनी जगज्जेतेपदाचा टिळा आपल्याच हाताने आपल्या कपाळी लावून घ्यावा, ही शुद्ध बढाई आहे. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने अमेरिकेला ८९–८१ असे हरवून ती बढाई उतरवलीही. पण जग तिथे खेळत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ पासून २०२५ पर्यंत सातही वर्षे मोसमातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांकडे गेला: ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो, सर्बियाचा निकोला योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला जोएल एंबीड, कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर. तेव्हा नावाचा वाद मी सोडून देतो. परीक्षा कोणाची अधिक अवघड, एवढाच माझा प्रश्न आहे.

ह्या बाद फेऱ्या असतात तरी काय? प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळतो. त्यांतून १६ संघ निवडले जातात आणि त्यांच्या जोड्या लागतात. प्रत्येक जोडीने आपसांत सातपर्यंत सामने खेळायचे. जो आधी चार जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. अशा चार फेऱ्या. आपल्याकडच्या वाचकासाठी कुस्तीच्या भाषेत सांगतो. फडावर दोन मल्ल एकदाच भिडतात. ज्याचा डाव लागला त्याची कुस्ती. आता त्याच दोघांना दोन आठवडे, एक-दोन दिवसांआड, सात वेळा मातीत उतरवले आहे अशी कल्पना करा. पहिल्या दिवशी बसलेली ढाक तिसऱ्या दिवशी बसणार नाही, कारण समोरच्याने रात्र जागून तिची तोड काढलेली असेल. त्या तोडीवरची तोड पाचव्या दिवशी निघेल. सातव्या दिवशी कोणाच्याही पोतडीत नवा डाव उरलेला नसतो. एकमेकांची सगळी मर्मे दोघांनाही ठाऊक असतात, अंगे ठणकत असतात, आणि तरीही कोणीतरी एक जिंकायचा असतो. त्या दिवशी जो जिंकतो तो नशिबाने जिंकला असे म्हणायला जीभ रेटत नाही.

एक उदाहरण पाहा. २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट हा संघ क्लीव्हलंडविरुद्ध १–२ असा मागे पडला होता. चौथ्या सामन्याला त्यांच्या प्रशिक्षकाने, स्टीव्ह करने, आपला उंचापुरा मध्यवर्ती खेळाडू बाकावर बसवला आणि त्या मोसमातल्या ८२ सामन्यांत एकदाही सुरुवातीपासून न खेळलेल्या आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतले. उंची गेली, वेग आला. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून इग्वोडालाची निवड झाली. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्याला असा प्रसंग कधी येईल काय? घड्याळ रात्री जागून तुमची तोड काढत नाही. ते काल जसे चालले तसेच आज चालते.

आणि पुढच्याच वर्षी काय झाले? हेच गोल्डन स्टेट २०१५–१६ च्या मोसमात ७३ सामने जिंकले आणि अवघे ९ हरले. वीस वर्षांपूर्वीचा शिकागोचा ७२ विजयांचा विक्रम मोडला. विक्रमभक्तांनी आरत्या ओवाळल्या. अंतिम मालिकेत पुन्हा क्लीव्हलंडच समोर आले आणि गोल्डन स्टेटने ३–१ अशी आघाडी घेतली. त्या आघाडीवरून अंतिम मालिका हरण्याचा प्रसंग तोपर्यंत कोणत्याही संघावर आला नव्हता. तो ह्या विक्रमवीरांवर आला. १९ जून २०१६ च्या सातव्या सामन्यात ८९–८९ अशी बरोबरी झाली, आणि मग साडेतीन मिनिटांहून अधिक काळ दोहोंपैकी एकाही संघाला गुण करता आला नाही. जगातले उत्तमोत्तम नेमबाज, आणि चेंडू कड्यात जाईना! अशा वेळी इग्वोडाला एकटा पळत चेंडू टाकायला निघाला. लेब्रॉन जेम्स मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आला आणि त्याने तो चेंडू फळीवर दाबून धरावा तसा अडवला. पाठोपाठ कायरी अर्व्हिंगने स्टीफन करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा चेंडू टाकला. क्लीव्हलंड ९३, गोल्डन स्टेट ८९. त्या ७३ विजयांचे पुढे काय झाले? ते नोंदवहीत आहेत. लोकांच्या डोळ्यांपुढे आहे ती ती एक अडवणूक. नोंदवहीत तिची किंमत एक!

ह्याच लेब्रॉन जेम्सची दुसरी एक रात्र सांगतो. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याने करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतील ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. सामना चालू असताना खेळ थांबवला गेला. भाषण झाले, आलिंगने झाली, कुटुंबीय मैदानात आले. आणि त्याचा संघ? तो सामना ओक्लाहोमा सिटीकडून १३०–१३३ असा हरला. विक्रमाचा उत्सव पराभवाच्या मांडवातही यथासांग होऊ शकतो, ह्याहून माझ्या म्हणण्याचा अधिक धडधडीत पुरावा कोणता द्यावा?

हा रोग आजचा नव्हे. २ मार्च १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. त्या मोसमात दर सामन्याला त्याची सरासरी ५०.४ पडली. हे आकडे आजही वाचताना डोळे फिरतात. पण त्याच वसंतात बाद फेरीत त्याची गाठ बॉस्टनच्या बिल रसेलशी पडली. मालिका सात सामन्यांपर्यंत गेली आणि सातवा सामना बॉस्टनने १०९–१०७ असा जिंकला. त्याआधी १९६० साली चेंबरलेनने एकाच सामन्यात ५५ वेळा परतलेला चेंडू पकडून असाच एक अचाट विक्रम केला होता. तोही रसेलच्याच संघाविरुद्ध, आणि तो सामनाही बॉस्टनच जिंकले. रसेल १३ मोसम खेळला आणि ११ विजेतेपदे घेऊन गेला. सातव्या सामन्यात तो दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. गुणांच्या यादीत त्याचे नाव फार वर नाही. त्याचे काम निराळेच होते: समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवायचा, आणि तोही प्रेक्षकांत भिरकावून न देता आपल्याच गड्याच्या हातात पडेल असा. समोरच्याने पुढच्या वेळी फेकावे की फेकू नये ह्या विचारात पडावे, एवढे त्याला पुरे असे. मनात पेरलेल्या ह्या शंकेचे मोजमाप करणारे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणून विक्रमाच्या वहीत रसेल बुटका दिसतो, आणि खेळ कळणाऱ्यांना तो सर्वांत उंच दिसतो.

आता विक्रम ही वस्तू हातात घेऊन जरा उलटीपालटी करून पाहू. तिच्यात माणूस किती आणि इतर माल किती?

१८ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. आधीचा विक्रम ८.३५, एका झेपेत ५५ सेंटिमीटरची भर! उडी दिव्यच होती. परंतु ते शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, हवा तिथे विरळ. आणि त्या क्षणी पाठीमागून वाहणारा वारा बरोबर २.० होता, म्हणजे नियमाने चालतो तेवढा, काठोकाठ. १९८८ साली इंडियानापोलिसला फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर शंभर मीटर १०.४९ सेकंदांत धावली तेव्हा वायुमापकाने वारा शून्य दाखवला. शेजारी चाललेल्या तिहेरी उडीच्या मापकावर त्याच सुमारास ४.३ चा वारा होता! पोहण्याचे तर विचारूच नका. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम मोडले गेले. मनुष्यजातीचे खांदे त्या एका आठवड्यात एकाएकी रुंद झाले होते काय? नव्हे, पोहणाऱ्यांनी रबरासारखे कृत्रिम झगे अंगावर चढवले होते. २०१० पासून ते झगे बंद झाले. विक्रम मात्र वहीत राहिले. झग्याशिवाय पोहणाऱ्यांच्या डोक्यावर ते पुढे वर्षानुवर्षे बसून होते.

आणि बांबूउडीचा सम्राट सेर्गेई बुबका! त्याने ३५ जागतिक विक्रम केले. बहुतेक वेळा एकेक सेंटिमीटरने. कारण प्रत्येक नव्या विक्रमाला नवे बक्षीस होते, आणि एका दमात दहा सेंटिमीटर चढण्यापेक्षा दहा वेळा एकेक चढणे व्यवहाराला धरून होते. मी त्याला दोष देत नाही. पण 'ऑलिंपिक पवित्र आणि बास्केटबॉल धंदा' असे म्हणणाऱ्यांनी हा हप्त्याहप्त्याने विकला गेलेला विक्रम विसरू नये. बुबकाला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले ते एकदाच, १९८८ साली सोलला. १९९२ साली बार्सेलोनात तो एकही उंची पार करू शकला नाही.

उलट कार्ल लुइस पाहा. १९८४ ते १९९६ अशा लागोपाठ चार ऑलिंपिकांत त्याने लांब उडीचे सुवर्ण जिंकले. पण मैदानी लांब उडीचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर कधीच लागला नाही. बीमनचा आकडा मोडला तो १९९१ साली टोकियोत माइक पॉवेलने, ८.९५ मीटर उडी मारून. आणि ती उडी निघाली कशातून? लुइसने त्याच संध्याकाळी वाऱ्याच्या जोरावर ८.९१ मारून पॉवेलला डिवचले होते म्हणून. खरा विक्रम हा झुंजीच्या पोटी जन्मतो. माझा राग आहे तो आई सोडून लेकराचीच पूजा मांडणाऱ्यांवर.

ऑलिंपिकमधला जो भाग मला जिवापाड आवडतो तो असा झुंजीचा भाग आहे. १९८० साली मॉस्कोत सेबॅस्टियन को हा ८०० मीटरचा विक्रमवीर होता. ती शर्यत स्टीव्ह ओव्हेटने जिंकली. मग १५०० मीटरला ओव्हेट हा तीन वर्षे अजिंक्य. ती शर्यत कोने जिंकली! दोघांनी एकमेकांच्या घरात शिरून एकमेकांना लुटले. २०२१ साली टोकियोत कार्स्टन वारहोम ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ४५.९४ सेकंदांत धावला, आणि राय बेंजामिन ४६.१७ मध्ये. आधीचा जागतिक विक्रम ४६.७० होता. म्हणजे विक्रम मोडूनही बेंजामिन हरला! त्या दिवशी विक्रमाची खरी लायकी उघड झाली: ती दुसऱ्या क्रमांकाची.

खुद्द लायल्सचे पाहा. २०२४ साली पॅरिसमध्ये शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत तो पहिल्या तीस मीटरांपर्यंत आठांत शेवटचा होता. शेवटच्या पावलाला त्याने छाती पुढे काढली आणि जमैकाच्या किशेन थॉम्प्सनला सेकंदाच्या पाच सहस्रांशांनी मागे टाकले: ९.७८४ आणि ९.७८९. हा आकडा उसेन बोल्टच्या २००९ च्या ९.५८ पासून कितीतरी दूर आहे. मग लायल्स लहान ठरतो काय? मुळीच नाही. सात जण पुढे असताना तो डगमगला नाही, ह्यात त्याचे मोठेपण आहे. आणि हे मोठेपण १–३ ने मागे असलेल्या संघाच्या जातीचे आहे. ज्या बाद फेऱ्यांना त्याने चिमटा काढला त्यांच्याच कुळातला तो निघाला. हे माझ्या स्नेह्यांना मी ऐकवले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप पैशाचा. बास्केटबॉलचे खेळाडू कोट्यवधी डॉलर घेतात. तिथे कसली झुंज? तो तर बाजार! हा आक्षेप घेणाऱ्यांनी जिम थॉर्पची कहाणी वाचावी. १९१२ साली स्टॉकहोमला त्याने पाच आणि दहा प्रकारांच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. नंतर कळले की पूर्वी त्याने किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळले होते. झाले! त्याची पदके काढून घेतली. ती परत दिली गेली ती १९८२ साली, तो मरून २९ वर्षे झाल्यावर. पोटासाठी खेळणाऱ्याला बाटलेला समजणारी ही सोवळी वृत्ती सुखवस्तूंची होती, आणि तिला शुचितेचे नाव देणे हा ढोंगीपणा होता. आज ते सोवळे सुटले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णविजेत्याला त्या खेळाच्या जागतिक संघटनेनेच ५० हजार डॉलर दिले. उत्तम केले. पण मग पैशाचा मुद्दा फक्त बास्केटबॉलवर का उगारायचा?

दुसरा आक्षेप दुखापतींचा. सातव्या सामन्यातही नशीब असतेच, असे म्हणतात. ह्यात तथ्य आहे. २०२५ च्या अंतिम मालिकेत इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने पहिला सामना शेवटचे ०.३ सेकंद उरले असताना जिंकून दिला होता. सातव्या सामन्याच्या पहिल्याच टप्प्यात त्याच्या टाचेची शीर तुटली आणि ओक्लाहोमा सिटीने तो सामना १०३–९१ असा जिंकला. तो पाय धरून पडला तेव्हा माझ्या पोटात कालवले. पण नशिबाचा हा घाला माणसाच्या देहावर पडतो, आणि देह तर खेळाचे भांडवलच आहे. उलट वारा, विरळ हवा आणि रबरी झगे ह्यांचे नशीब खेळाडूच्या देहाबाहेरचे. दोन्ही नशिबे एका तागडीत घालता येणार नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला मी मान देतो. विक्रम काळाच्या पलीकडची तुलना शक्य करतो, असे म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वीचा धावपटू आणि आजचा धावपटू समोरासमोर येऊ शकत नाहीत. आकडा त्यांना समोरासमोर आणतो. कल्पना सुंदर आहे. पण ही भेट कशी घडते, तेही पाहा. १९८५ साली पूर्व जर्मनीची मारिता कोख ४०० मीटर ४७.६० सेकंदांत धावली. तिच्यावर कधी दोष सिद्ध झाला नाही, हे स्पष्ट लिहितो. परंतु त्या देशात खेळाडूंना सरकारी योजनेने औषधे चारली जात होती, पुष्कळदा त्यांना न सांगता, हे पुढे त्या देशाच्याच कागदपत्रांतून बाहेर आले. अशा राज्यातल्या आकड्याकडे आपण निःशंक मनाने पाहू शकत नाही. आता २०२५ चा सप्टेंबर. टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पाऊस पडत असताना अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ सेकंदांत धावली आणि तिच्या पाठोपाठ डोमिनिकन रिपब्लिकची मारिलेदी पॉलिनो ४७.९८ मध्ये. एकाच शर्यतीत दोन स्त्रिया ४८ सेकंदांच्या आत! दोघींनी एकमेकींना शेवटपर्यंत ओढत नेले. एक नसती तर दुसरी तिथवर पोचली नसती. आणि विक्रमभक्त काय म्हणाले? 'विक्रम ०.१८ सेकंदांनी हुकला.' हुकला! पावसात आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत धावलेल्या बाईच्या हातात आपण हुकल्याची चिठ्ठी ठेवतो. माझा सगळा संताप ह्या एका शब्दाविरुद्ध आहे.

आणि हा शब्द आपण आपल्या माणसांवरही चालवतो. १९६० साली रोममध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग चौथा आला. रोमपूर्वीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ चा होता. त्याहून तो वेगाने धावला आणि तरीही चौथा आला, कारण पुढचे तिघे आणखी वेगाने धावले. विक्रमाने त्याला काहीही दिले नाही. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या 'विक्रम मोडला होता हो!' असे म्हणत स्वतःची समजूत घालत बसलो. ओटिस डेव्हिस आणि कार्ल काउफमान त्या दिवशी कसे धावले, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारले?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे हा आपल्या घरचा माणूस. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम इतक्या वेळा मोडला की बातमी देणाऱ्यांनी मोजणे सोडले असेल. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये तो ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम करून प्राथमिक शर्यतीत सातवा आला आणि बाहेर पडला. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१ चा विक्रम केला. महिनाभराने त्याच शहरात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अकरावा आला. आपण विक्रमांचे पेढे वाटले आणि पदक नाही म्हणून हळहळलो. पण ज्या दिवशी हा गडी खरोखर झुंजला त्या दिवसाची आठवण कोण काढतो? २०२२ च्या ऑगस्टात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या धावपटूंच्या मधोमध शिरला, २०१६ चा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो ह्याला त्याने मागे टाकले, आणि पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटपेक्षा अवघ्या पाच शतांश सेकंदांनी तो दुसरा आला. ह्या शर्यतीत केनियाची मक्तेदारी होती. तिला आपल्या माणसाने खांदा लावून हलवले. तो प्रसंग शाळेच्या पुस्तकात जावा अशा तोलाचा आहे. आपल्या चौकटीत मात्र '८:११.२०, राष्ट्रीय विक्रम' एवढेच उरले.

ह्याच शर्यतीचा जागतिक विक्रमवीर इथिओपियाचा लामेचा गिर्मा. २०२३ साली तो ७:५२.११ मध्ये धावला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अडथळ्यावर पाय अडकून तो कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. शर्यत जिंकली मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने, लागोपाठ दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये. विक्रम खिशात असलेला माणूस पडला आणि दरवर्षी त्याच चार प्रतिस्पर्ध्यांना कोळून प्यालेला माणूस जिंकला.

महाराष्ट्राला तर हे कोणी नव्याने शिकवायला नको होते. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या ह्या पैलवानाचा 'विक्रम' किती होता? किती सेकंद, किती मीटर? प्रश्नच हास्यास्पद आहे, कारण कुस्तीत विक्रम नावाची वस्तूच नसते. समोर कोण होता आणि त्याचे काय झाले, एवढेच तिथे विचारले जाते. ज्या मातीने हा प्रश्न विचारायला शिकवले तिथली माणसे आज शतांश सेकंदांची जपमाळ ओढत बसली आहेत, ह्याचे मला वैषम्य वाटते.

आकडे जाळून टाका असे मी म्हणत नाही. ते हिशेबाच्या वहीत राहू द्या. वहीला देव्हाऱ्यात बसवू नका. कारण देव्हाऱ्यातला आकडा भुकेला असतो. त्याला दर वर्षी नवा नैवेद्य लागतो, आणि तो मिळाला नाही की तरुण खेळाडूवर 'थांबला', 'संपला', 'हुकला' असे शिक्के बसतात. आपल्या क्रीडामंडळांतल्या पोरांच्या हाती आपण घड्याळ देतो आणि तोडीचा प्रतिस्पर्धी देत नाही. एकटा धावून राष्ट्रीय विक्रम करणारा मुलगा आपल्याला पुरतो. चार तुल्यबळ मुलांना वर्षात दहा वेळा एकमेकांवर सोडण्याची खटपट कोणी करत नाही. मग परदेशी अंतिम शर्यतीत खांद्याला खांदा घासणारी गर्दी दिसली की आपला विक्रमवीर बावरतो, आणि आपण दैवाला दोष देतो. पोरांना प्रतिस्पर्धी द्या. तेच ते चार जण, पुन्हा पुन्हा, हरलेल्याने रात्री जागून तोड काढून परत यावे इतक्या वेळा.

लॉस एंजेलिसला २०२८ साली ऑलिंपिक भरायचे ठरले आहे. त्या दिवसांत वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. शर्यत संपली की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा हाताने झाकावा, आणि शेवटच्या वळणावर कोण कोणाच्या खांद्याशी होता ते आठवावे. आठवले तर तुम्ही शर्यत पाहिलीत. नाही आठवले, तर दुसऱ्या दिवशी चौकट छापून येईलच. ती तुम्हाला पुरेशी आहे.